इंजिन खोलायच्या आधी
(ग्रामसंघाच्या मासिक सभेतील बोलणे)

ताईंनो, आपला टेम्पो चढाला तापतो म्हणून उभा आहे. मिस्त्री म्हणतो, हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागंल. आकडा ऐकून पोटात गोळा आला, कारण बँकेचा हप्ता काही थांबत नाही. तो खरंही सांगत असेल. पण होकार देण्याआधी खर्च कागदावर लिहून घेऊ आणि दुसऱ्या मिस्त्रीला बोलवू. गाडी चालवत न्यायची नाही, जास्त बिघडेल. पहिला काय म्हणाला ते दुसऱ्याला सांगायचं नाही, नाहीतर तोही तेच धरून बसतो. गाडी कधी तापते, पाणी किती कमी होतं, एवढंच सांगायचं.

थर्मोस्टॅट, पंखा, गळका पाइप, रेडिएटरचं झाकण, यानंही गाडी तापते. गॅस्केट गेलं की बऱ्याचदा ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं, पांढरा धूर येत राहतो. इंजिन न खोलता कॉम्प्रेशन तपासता येतं, त्याचे पैसे जरूर देऊ. (गरम असताना रेडिएटरचं झाकण कुणी उघडू नका, भाजतं.)

दोन्ही कागद सचिवताई पुढच्या सभेला आणतील. त्याच ठरावात लिहू, बदललेले जुने पार्ट परत घ्यायचे.