एका मिलिमीटरच्या आतली जागा

कविता लिहिणाऱ्या माणसानं इंजिनाविषयी बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण मी नारायण पेठेत राहतो. इथे छापखाने शेजारी, म्हणून कागदाची रिमं वाहणारे टेंपोही शेजारी; आणि टेंपो म्हटला की गॅरेज आलंच. अशाच एका टेंपोची ही हकिगत आहे.

पाणी कमी पडून इंजिन तापलं आणि हेड गॅस्केट जळलं. एक्झॉस्टमधून पांढरा धूर, ऑइलमध्ये पाणी. गॅरेजवाल्या अण्णांनी हेड उतरवलं. ब्लॉकचा माथाही किंचित वाकला होता. दोन्ही एका वर्कशॉपमधून फेसिंग मारून आले, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट झाले. किती घासलं, ते मात्र चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं.

टेंपोवाल्याला गाडी संध्याकाळी हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळचं भाडं ठरलेलं, कर्जाचा हप्ता डोक्यावर. तो म्हणाला, "अण्णा, जुन्यासारखंच गॅस्केट टाका ना." अण्णा म्हणाले, "अरे, गॅस्केट जुन्यासारखं मिळेल; पण ब्लॉक जुन्यासारखा राहिलाय का?"

गॅस्केट म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये आवळून बसवलेला, सिलिंडरच्या मापाची भोकं असलेला पातळ पत्रा. पूर्वी तांबं आणि ॲस्बेस्टॉसची गॅस्केटं असत. आता बऱ्याच इंजिनांत पोलादाच्या थरांची असतात. गॅस, पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळू नयेत, हे त्याचं काम सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरं काम कमी लोकांना ठाऊक असतं. पिस्टन अगदी वर आला, की त्याच्या आणि हेडच्या मध्ये किती जागा उरेल, हेही गॅस्केटची जाडीच ठरवते. मिस्त्री लोक तिला बंपिंग क्लिअरन्स म्हणतात.

ही जागा फार कमी ठेवून चालत नाही. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, तर पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर येतो. उष्णतेनं धातू फुगतो, कनेक्टिंग रॉड वेगात किंचित ताणला जातो, बेअरिंगमध्ये थोडी सैल असते. जागा अपुरी असेल, तर पिस्टन हेडवर आदळतो.

मग जाडच गॅस्केट टाकलं तर? हिशेब करून पाहा. ८० मिलिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच स्ट्रोकचा सिलिंडर घ्या. त्याचं कॉम्प्रेशन २० पट आहे. गॅस्केट फक्त ०.२ मिलिमीटरनं जाड झालं, की वरची जागा सुमारे १ घनसेंटिमीटरनं वाढते आणि कॉम्प्रेशन १९ पटीच्या आसपास येतं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच डिझेल पेटतं. तो दाब घटला, की थंडीच्या सकाळी गाडी कुरकुरते, धूर सोडते.

म्हणून अण्णांनी डायल गेज लावलं. या इंजिनाचे पिस्टन वर आले, की ब्लॉकच्या माथ्याच्या किंचित वर डोकं काढतात. चारही पिस्टन दोन-दोन जागी मोजले. सर्वांत उंच पिस्टन ०.८ मिलिमीटर वर येत होता. निवड त्याच्यावरून करायची, सरासरीवरून नाही. आदळणार तो तोच. जुनं गॅस्केट आवळल्यावर १.४ मिलिमीटर भरत होतं. म्हणजे जागा उरत होती ०.६, आणि कंपनीच्या पुस्तकात होती ०.८.

मग त्यांनी शिशाच्या तारेचे तुकडे पिस्टनच्या सपाट माथ्यावर, पिनच्या रेषेत ठेवले. पिस्टन डुलतो, म्हणून तीच जागा खरी. जुनं गॅस्केट घालून हेड टॉर्क पान्यानं आवळलं आणि इंजिन हातानं फिरवलं. चेपलेली तार मायक्रोमीटरवर ०.६ भरली. दोन साक्षी जुळल्या. १९४६ साली खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, त्या पुण्यात डायल गेज नवं नाही. पण शेतावरच्या पंपाचा फिटर आजही शिशाच्या तारेवर विसंबतो, तो उगाच नाही.

हवं होतं १.६ मिलिमीटरचं गॅस्केट. बऱ्याच डिझेल इंजिनांत जाडी ओळखण्यासाठी गॅस्केटच्या कडेला खाचा किंवा भोकं असतात. जुन्यावर एक खाच होती, हवं होतं तीन खाचांचं. ते नाना पेठेतून यायला दुसरा दिवस उजाडला. एकानं सुचवलं, पातळ दोन एकावर एक टाका. अण्णांनी ऐकलं नाही. तसं गॅस्केट धरत नाही, पुन्हा फुटतं. हेड घासल्यामुळे व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ आले होते. तेही त्यांनी तपासले, आणि सीट कापून पुरेसे आत बसवले.

सकाळचं भाडं बुडालं. टेंपोवाला त्या दिवशी अण्णांशी नीट बोललासुद्धा नाही. पण इंजिन आदळलं असतं, तर पिस्टन, रॉड आणि महिनाभराची कमाई गेली असती. तो टेंपो अजून रिमं वाहतो आहे.

आपल्याकडे मोजणाऱ्या मिस्त्रीला संथ म्हणतात आणि अंदाजानं जुळवणाऱ्याला हुशार. मात्रा मोजून ओळ लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हे पटत नाही. तुमच्या गाडीचं हेड कधी उतरलं, तर तीन गोष्टी जरूर विचारा : ब्लॉक किती घासला, पिस्टन किती वर येतो, आणि गॅस्केट कोणत्या जाडीचं घेतलं. उत्तर आकड्यात आलं, तर एक दिवस उशीर झाला तरी गाडी त्याच हातात राहू द्या.