शितावरून भाताची परीक्षा
(संस्थेच्या शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे लेखरूप)



शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण आपणा सर्वांना ठाऊक आहे. गृहिणी एक शीत बोटांत चिरडते आणि भात शिजला की नाही ते सांगते. पण ती हे केव्हा सांगू शकते? पातेल्यातला सारा भात सारखा शिजला असेल तेव्हाच. तळाशी करपला आणि वर कच्चा राहिला, तर एका शितावरून काहीच कळत नाही.

माझ्याकडून अशीच एक चूक झाली, तिची कबुली आधी देतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आठवीचे गणिताचे पेपर तपासताना मी गठ्ठ्यातले वरचे दहा पेपर पाहिले. सरासरी नेहमीसारखीच होती, पण गुण फार विखुरलेले दिसले. मी शिक्षकांच्या बैठकीत सांगून टाकले, ‘या वर्षी वर्ग दुभंगला आहे, कच्च्या मुलांची तुकडी वेगळी करा.’ तसे झाले. त्या तुकडीत गेलेल्या एका मुलाने वर्गात प्रश्न विचारणेच सोडले. त्याचे वडील भेटायला आले. म्हणाले, ‘‘सर, माझा मुलगा कच्चा आहे, कबूल. पण सारा वर्ग बिघडला, हे किती मुलांवरून ठरवलंत?’’ मी म्हणालो, ‘‘दहा.’’ ते पुढे काही बोलले नाहीत. त्या शांततेनेच मला पुन्हा पुस्तक उघडायला लावले.

मी बी.ए., बी.एड. झालेला शाळामास्तर आहे, संख्याशास्त्रज्ञ नव्हे. तेव्हा जे समजले ते साध्या भाषेत सांगतो.

प्रत्येकाचे गुण सरासरीपासून किती दूर आहेत ते पाहून त्या अंतरांचे वर्ग करायचे आणि त्यांची बेरीज घ्यायची. नमुन्यातील मुलांच्या संख्येतून एक वजा करून त्या संख्येने बेरजेला भागायचे. येते ते प्रचरण. त्याचे वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन. एक वजा का? कारण सरासरी आपण त्याच गुणांतून काढलेली असते. एकच शीत घेतले तर एकातून एक वजा जाऊन शून्य उरते. फैलावाबद्दल एक शीत मुके असते ते असे!

आता हिशेबासाठी एक उदाहरण घ्या. आजवरच्या अनुभवाने सर्व मुलांच्या गुणांचे प्रमाण विचलन १० आहे असे समजू. दहा मुलांच्या नमुन्यात ते १३ आले. फैलाव वाढला काय? प्रचरण १६९, त्याला ९ ने गुणले की १५२१. मग काय-वर्गाच्या कोष्टकात ९ मुक्तता मात्रांसमोर पाहायचे. तेथे २.७० आणि १९.०२ या दोन संख्या सापडतात. १५२१ ला या दोहोंनी भागून वर्गमुळे घेतली की सर्व मुलांचे प्रमाण विचलन सुमारे ८.९ ते २३.७ या पट्ट्यात येते. हाच ९५ टक्क्यांचा विश्वास अंतराल. अर्थ इतकाच, की या रीतीने पुन्हा पुन्हा नमुने घेतले तर शंभरांतील सुमारे पंचाण्णव वेळा खरी संख्या अशा पट्ट्यात सापडेल. पट्टा किती रुंद आहे पाहा! जुने १० त्यात आहेच. परीक्षणही तेच सांगते. १५२१ ला जुन्या प्रचरणाने, म्हणजे १०० ने, भागले की १५.२१ येतात, ते त्या दोन संख्यांच्या मध्येच आहेत. म्हणून ‘फैलाव बदलला’ असे म्हणण्यास आधार नाही. ‘बदलला नाही’ हेही सिद्ध झालेले नाही, हे विसरू नये.

तेच १३ जर ४१ मुलांच्या नमुन्यात आले असते तर? पट्टा १०.७ ते १६.६ असा आवळतो आणि १० बाहेर पडतात. तेव्हा मात्र फैलाव वाढला असे म्हणता येते.

दोन पथ्ये सांगतो. नमुना चिठ्ठ्या टाकून निवडावा, गठ्ठ्यातले वरचे पेपर उचलून नव्हे. दुसरे, हा हिशेब गुणांचे वितरण प्रसामान्य आहे असे धरून चालतो. बरीच मुले शून्याजवळ आणि बरीच शंभराजवळ असतील तर तो फसवतो, आणि नुसता नमुना वाढवून ही फसगत टळत नाही.

हा केवळ वर्गातला खेळ नव्हे. वाळूजच्या कारखान्यात सुट्या भागाची सरासरी जाडी बरोबर असूनही फैलाव जास्त असला तर माल परत येतो. त्याहून मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. लंडनला जाऊन ते संख्याशास्त्र शिकले. विश्वास अंतरालाची कल्पना मांडणारे नेमन त्या काळी तेथेच होते. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी संख्याशास्त्राचे काम पाहिले. १९७१ साली दांडेकर व रथ यांनी पुण्यातून दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दरडोई रोजच्या २२५० कॅलरींची रेषा धरली होती. सुखात्म्यांचा आक्षेप असा, की माणसामाणसाची, एवढेच नव्हे तर एकाच माणसाचीही, गरज कमीजास्त होत असते. सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशीच आहे असे म्हणता येत नाही. म्हणून रेषा सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा करून काढावी. यावर मोठा वाद झाला.

वाचकहो, येथे फैलावाचे मोल कळते. समजा, प्रमाण विचलन सरासरीच्या १० टक्के धरले, तर रेषा १८०० वर येते. १५ टक्के धरले तर १५७५ वर. या दोन आकड्यांच्या मध्ये किती चुली असतील! आणि तो फैलाव जर थोड्याच माणसांच्या नोंदींवरून काढला असेल, तर त्याचाही पट्टा रुंदच असणार. कोणाला उपाशी म्हणायचे आणि कोणाला नाही, ते अशा पट्ट्यावर ठरते.

आपल्या शाळांत घरातले पहिलेच शिकणारे मूल पुष्कळदा असते. ‘हा वर्ग असाच’ हा शिक्का त्याच्या कपाळी फार लवकर बसतो आणि फार उशिरा पुसला जातो. म्हणून शिक्षक बंधू-भगिनींना माझी विनंती आहे, निकालाची सरासरी सांगाल तेव्हा फैलावही सांगा. फैलाव सांगाल तेव्हा तो किती मुलांवरून काढला तेही सांगा. आणि पालकहो, आम्ही हे सांगितले नाही तर त्या वडिलांसारखे विचारा, ‘‘सर, किती मुलांवरून?’’

त्या प्रश्नाने मला जे शिकवले ते आपणापुढे ठेवले.