देव कोणाच्या बाजूचे?
(वैजापूर येथील सभेत एका ग्रामशिक्षकाने केलेले भाषण)



ग्रीक लोकांच्या देवांविषयी वैजापुरात बोलावयाचे म्हणजे काही मंडळींस नवल वाटेल. परंतु जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापली, तेव्हा तिच्या आरंभी होमर या ग्रीक कवीचेच वचन घातले होते. मनुष्य ज्या दिवशी गुलाम होतो त्याच दिवशी त्याचे अर्धे सत्त्व जाते, असा त्याचा आशय. सबब हा पाहुणा आपल्या घरी दीडशे वर्षांपूर्वीच येऊन बसला आहे.

या होमरचे देव न्यायाधीश नव्हेत, पक्षकार आहेत. ट्रॉयच्या लढाईत हेरा, अथेना, पोसायडन हे ग्रीकांकडून; अपोलो व आफ्रोडाइटी ट्रॉयकडून. अपोलोच्या पुजाऱ्याचा आगामेम्नॉन राजाने अपमान केला, तेव्हा देवाने नऊ दिवस छावणीवर रोगाचे बाण सोडले. आधी खेचरे व कुत्री मेली, मग शिपाई मेले. राजाला मात्र एकही बाण लागला नाही! गुन्हा एकाचा आणि सरणे दुसऱ्यांची, हा हिशेब आपल्याला नवा आहे काय?

तथापि हाच कवी 'ओडिसी'च्या आरंभी खुद्द झ्यूस या देवराजाच्या तोंडी तक्रार घालतो, की माणसे आपल्या करणीने दुःख ओढवून घेतात आणि बोल आम्हां देवांना लावतात. पुढे ख्रिस्तापूर्वी तीनशेच्या सुमारास युहेमेरस नावाच्या ग्रीकाने तर लिहिले, की देव म्हणजे पूर्वीचे राजेच. लोकांनी मागाहून त्यांना देव केले. त्याचा मूळ ग्रंथ नष्ट झाला. पण जोतीरावांनी जवळपास हीच रीत आपल्या देवांना लावली. त्यांच्या मते खंडोबा हा बळीराजाच्या राज्यातला एका खंडाचा कारभारी, आणि म्हसोबा म्हणजे महासुभा, वसुलाचा अधिकारी. ही व्युत्पत्ती आजच्या पंडितांस पटो वा न पटो, तिच्यामागचा प्रश्न खरा आहे: देवाची गोष्ट सांगितली कोणी, आणि हरलेल्याच्या घरी ती कशी सांगत असतील? वेरूळच्या पंधराव्या लेण्यात त्रिविक्रम पाय उचलून उभा आहे. कारागिराने जेत्याला भिंतभर जागा दिली. आमच्या आयाबहिणी मात्र दिवाळीत ओवाळताना बळीचेच राज्य मागतात.

आता ज्यासाठी उभा राहिलो ती गोष्ट. ट्रॉयला निघालेली ग्रीकांची गलबते औलिस बंदरात वाऱ्यावाचून अडली. काल्खास नावाचा भविष्यवादी म्हणाला, आर्टेमिस देवी कोपली आहे, राजाने आपली मुलगी इफिजिनिया बळी द्यावी. मुलीला आणले कसे? अकिलीस या वीराशी तुझे लग्न आहे, असे सांगून! देवीने आयत्या वेळी तेथे हरिणी ठेवली व मुलीला उचलून नेले, असेही कोणी सांगतात. मला ती पळवाट वाटते.

मंडळी, लग्नाच्या नावाने मुलगी देवाला देण्याची चाल काय फक्त ग्रीसमध्ये होती? खंडोबाशी लग्न लावून मुरळी सोडीत, ते याच महाराष्ट्रात. मूल जगत नाही, नवस बोला. घरात दुखणे आहे, मुलगी वाहा. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासींच्या रक्षणाचा कायदा झाला. आपला तालुका तेव्हा निजामाच्या राज्यात, त्याला तो लागू नव्हता. महाराष्ट्राने २००५ चा कायदा करून ही प्रथाच गुन्हा ठरविली. पण कायदा पोलिसठाण्यात असतो, नवस घरात बोलला जातो. आणि असा नवस बोलताना मुलीला कोण विचारतो? इफिजिनियाला तरी कोणी विचारले होते?

आपल्या गावात, वाडीवस्तीवर एखाद्या घरी असा नवस बोललेला कळला, तर सभा सुटल्यावर मला बाजूला घेऊन सांगा. नाव चारचौघांत घेऊ नका. आपण दोघे-तिघे त्या घरी जाऊ, आईबापांशी बोलू. मुलीचे नाव शाळेत घालण्याचे काम माझ्याकडे.