बहिरमच्या जत्रेतला फोटो



माझ्या हातातला हा फोटो १९५८ सालचा, बहिरमच्या जत्रेतला. अकोल्याहून मूर्तिजापूर, तिथून शकुंतलेने अचलपूर अन् पुढे मामाच्या दमणीत, असे आम्ही गेलो होतो. रोडगे खाल्ले अन् रंगवलेल्या मोटारीमागे तिघं भावंडं फोटोसाठी उभी राहिलो.

फोटोवाला म्हणाला, “हालू नका बाप्पा!” धाकट्याला हसू आवरेना, त्याचा चेहरा पुसट आला. बाबा म्हणाले, “पैसे वाया गेले.”

पुढच्या पावसाळ्यात धाकटा तापाने गेला. त्याचा हा एकच फोटो. बँकेत लोकांच्या लाखोंच्या ठेवी सांभाळल्या, पण आईने ट्रंकेत जपलेली ही ठेव त्याहून मोठी.

मोबाईलमधला एखादा फोटो कागदावर काढून घ्या, मागे नावं लिहा.