कमरेवरची रेषा आणि आतला मणका

मज्जारज्जू कण्याच्या टोकापर्यंत जात नाही. प्रौढ माणसात तो साधारणपणे कमरेच्या पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यांच्या दरम्यान संपतो. त्याखाली त्रिकास्थीच्या दुसऱ्या मणक्यापर्यंत ड्युराच्या पिशवीत पाणी असते आणि त्यात सुट्या नसा. सुई आली तर या नसा बाजूला सरकतात. रज्जू सरकत नाही. ऑगस्ट बिअर यांनी १८९८ मध्ये कील येथे कोकेन वापरून स्पायनल दिली ती याच रचनेच्या भरवशावर, आणि आज तालुक्याच्या रुग्णालयातले सिझेरियनही त्याच भरवशावर होते.

स्वागत समितीचे आभार मानून आणि दिवंगत सभासदांना आदरांजली वाहून झाल्यावर अध्यक्षाकडून आढाव्याची अपेक्षा असते. श्वासमार्ग, मानेतल्या शिरा, बगलेतल्या नसा यांवर सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पण या व्यासपीठावर मांडायचा मुद्दा एकच, अनेक वर्षे राहून गेलेला: भूलतज्ज्ञाचे शरीररचनाशास्त्र एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला संपते, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

सुईची जागा ठरवताना दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांच्या कडा जोडणारी रेषा धरतात. ट्यूफिए यांच्या नावाची ही रेषा चौथ्या मणक्यावरून किंवा चौथ्या-पाचव्याच्या मधून जाते, हे विद्यार्थी पाठ करतो. एक्स-रेवर ते बहुधा खरेही ठरते. बोटांना मात्र नुसते हाड लागत नाही. वर कातडी आणि चरबी असते, त्यामुळे बोटांची रेषा हाडांच्या रेषेच्या वर पडते. स्थूल आणि गरोदर स्त्रियांत ती आणखी वर जाते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात भूलतज्ज्ञांनी बोटांनी ठरवलेली जागा एमआरआयशी ताडली, तेव्हा ती २९ टक्के वेळाच बरोबर निघाली. चुकांपैकी बहुतेकांत खरी जागा सांगितलेल्या जागेपेक्षा वर होती. पुढच्याच वर्षी रज्जूच्या टोकाला इजा झालेल्या सात रुग्णांची हकिगत छापून आली. सुई दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे आहे, असाच त्या भूलतज्ज्ञांचा समज होता. म्हणून तिसऱ्या-चौथ्याच्या वर जायचे नाही, हा नियम. आणि तो पाळायला आधी मणका ओळखता यायला हवा.

सोनोग्राफी आली, आता बोटांची गरज काय, असा वाद दर अधिवेशनात होतो. तालुक्यात ज्याने आयुष्य काढले त्याच्यासाठी हा वाद केव्हाच मिटला आहे. रात्री दोन वाजता यंत्र गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदलेल्या खोलीत कुलूपबंद असते. अशाच एका रात्री प्रस्तुत वक्त्यासमोर सिझेरियनसाठी एक स्थूल बाई होती. तिसरी-चौथी म्हणून खूण केलेली जागा त्रिकास्थीपासून वर मोजत आल्यावर दुसरी-तिसरी निघाली. सुई एक घर खाली टोचली आणि भूल व्यवस्थित लागली. यंत्र हाताशी असेल तर जरूर वापरावे, ते बोटांपेक्षा अचूक आहे. पण तिथेही त्रिकास्थीपासूनच मोजायचे असते, आणि ज्याला हाडे माहीत नाहीत त्याला पडद्यावर सावल्याच दिसणार.

सुईच्या वाटेतले थर सर्वांना ठाऊक आहेत. फक्त लिगामेंटम फ्लेवममध्ये मध्यरेषेवर कधीकधी फट असते, आणि तिथे हाताला अपेक्षित प्रतिकार लागत नाही, हे शिकवायचे राहते. उताणे झोपलेल्या रुग्णात तिसरा कटिमणका सर्वांत उंच आणि छातीचे मधले मणके खोलगट असतात. जड औषध त्या उतारावरून छातीकडे सरकते. सिझेरियनला स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत भूल हवी. त्याहून वर गेली की हृदयाची गती वाढवणाऱ्या नसा बंद पडून नाडी मंदावू शकते. नवजात बाळात रज्जू तिसऱ्या कटिमणक्यापर्यंत उतरलेला असतो, म्हणून तिथे जागा आणखी खाली घ्यावी लागते.

परिषदेने शरीररचना विभागांशी बोलून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पुन्हा शवविच्छेदनगृहात न्यावे. किती दिवस, कोणत्या महाविद्यालयात, खर्च कोणाचा, हे कार्यकारिणीने ठरवावे. आरंभ पाठीपासून व्हावा. मान आणि खांदा पुढच्या वर्षी घेता येतील.