बोंडअळी फवाऱ्याने का मरत नाही?

मी कीटकशास्त्रात काम करतो म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "सर, कोणतं औषध मारू?" कपाशीच्या गुलाबी बोंडअळीबद्दल मी उलट विचारतो, अळी आत्ता आहे कुठे?

मादी पतंग पात्या, फुलं आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी लगेच आत शिरते, मागचं छिद्र बुजतं. बाहेरून बोंड ठणठणीत, आत सरकी फस्त! मग फवारा पोचणार कसा? बीटी कपाशी 2002 साली भारतात आली, पण आता ही अळी तिलाही दाद देत नाही. आणि 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, हे विसरू नका.

पण तिची एक दुखती नस आहे. ती जवळजवळ कपाशीवरच जगते. फरदड ठेवली की आपणच तिला पुढच्या हंगामापर्यंत पोसतो. फरदडीचे चार पैसे सुटतात, मान्य. पण पुढच्या वर्षी ते व्याजासकट जातात, आणि शेजाऱ्याचेही. पतंगाला बांध कळत नाही.

म्हणून डिसेंबरअखेर पीक काढा, पऱ्हाट्या बांधावर रचू नका. गुलाबकळीसारखी मिटलेली फुलं, म्हणजे डोमकळ्या, दिसताच तोडून नष्ट करा. कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात सलग 3 रात्री 8 किंवा जास्त पतंग आले, तर फवारणीची वेळ आली समजा.

घरी कपाशी असेल, तर हा भाग आज बाबांनाही ऐकवा.