ओलेड घ्यायचा की मिनी-एलईडी?

टीव्हीत लाख-दीड लाख घालायचे, तर स्क्रीन सात-आठ वर्षं तरी टिकायला हवी ना?

ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, म्हणून काळा रंग अगदी काळाकुट्ट दिसतो. पण जो पिक्सेल जास्त उजळतो, तो लवकर झिजतो. न्यूज चॅनेलचा लोगो आणि खालची ब्रेकिंगची पट्टी रोज तासन्‌तास एकाच जागी राहिली, की कालांतराने तिथे कायमचा डाग उमटू शकतो. यालाच बर्न-इन म्हणतात. मिनी-एलईडीत उजेड पडद्यामागच्या दिव्यांचा असतो, त्यामुळे ही भीती जवळजवळ नाहीच.

आमच्याकडे बाबांच्या बातम्या सकाळी सहालाच सुरू होतात, म्हणून मी मिनी-एलईडी घेतला. तुम्ही रात्री सिनेमे, सिरीज बघत असाल, तर ओलेड बिनधास्त घ्या. फक्त रिमोटने बंद केल्यावर लगेच भिंतीवरचं बटण बंद करू नका. स्टँडबायवर असतानाच तो पिक्सेलची असमान झीज सांभाळून घेतो.

पैसे भरण्याआधी वॉरंटीत बर्न-इन धरलंय का, तेही वाचा. आणि घरी एकदा बघा, रिमोट जास्त वेळ कोणाच्या हातात असतो!

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.